लवादाचा निवाडा आणि सार्वजनिक धोरण : वर्धेच्या दोन तीरांवरून एक ऐतिहासिक विचार

१

उभय पक्षांनी आपखुषीने नेमलेल्या पंचाने निवाडा दिल्यानंतर न्यायासनाने तो कोणत्या कारणास्तव मोडावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ विधिज्ञांच्या अभ्यासाचा वाटतो. वस्तुतः त्यात राज्यसत्ता आणि लोकांची परस्परसंमती यांचा जुना संबंध गुंतलेला आहे. राज्याने पंचाचा शब्द कोठवर मानावा आणि कोठे "येथून पुढे आमचा अधिकार" असे म्हणावे, याचे उत्तर प्रत्येक काळाने वेगळे दिले. आज हे उत्तर "सार्वजनिक धोरण" या दोन शब्दांत सांगितले जाते. भारतातील लवादविषयक कायद्यात हे शब्द कसे आले, त्यांचा अर्थ कसा रुंदावला व पुन्हा कसा आकुंचन पावला, आणि त्या फेऱ्यातून कोणता धडा घ्यावयाचा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारास प्रारंभ करण्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूरचा परिसर विशेष सोयीचा आहे. माणिकगडच्या डोंगरांच्या आसमंतातील हे गाव पूर्वी ज्या राजुरा तालुक्यात मोडत होते, तो तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. वर्धा नदी ओलांडली की पूर्वेस चांदा जिल्हा लागे, आणि तो १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर इंग्रजी अमलाखाली आलेला होता. १९४८ साली निजामाची सत्ता संपली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात, प्रथम नांदेड जिल्ह्यात आला. १९५९ साली तो चांदा जिल्ह्यास जोडला गेला. आणि १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. म्हणजे ज्या माणसाचा जन्म १९४० च्या सुमारास गडचांदुरात झाला असेल, त्याने गाव न सोडता विशीच्या आत निजामाचे संस्थान, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य व महाराष्ट्र अशा चार राज्यव्यवस्था पाहिल्या. राज्य बदलले की "सार्वजनिक धोरण" कोणाचे हा प्रश्न आपोआपच उभा राहतो. तो ग्रंथातला नसून सीमेवरच्या माणसाच्या रोजच्या व्यवहारातला होता, हे प्रारंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

२

पंचाच्या निवाड्याची परंपरा महाराष्ट्रात इंग्रजी कायद्याहून कितीतरी जुनी आहे. शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रांवरून तिचे स्वरूप बऱ्याच स्पष्टपणे कळते. वतनाचा किंवा मिळकतीचा तंटा गोतसभेपुढे, मजालशीपुढे वा पंचाइतीपुढे येई. वादी व प्रतिवादी प्रथम राजीनामा लिहून देत. पंच जो निवाडा करतील तो आपणांस मान्य आहे, असा त्याचा आशय असे. त्याबरोबर जामीन घेतला जाई. मग दोघांच्या तकरिरी होत, साक्षी पडत, पंच सारांश काढीत आणि त्यावरून निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारजमा होई. हरलेल्या पक्षाने विजयी पक्षास येजितपत्र लिहून द्यावे, असा परिपाठ होता. आपण हरलो, पुन्हा या बाबतीत कज्जा करणार नाही, अशी ती कबुली होय.

या व्यवस्थेत निवाड्याचा आधार दुहेरी होता. पंच शहाणे आहेत हा एक. परंतु त्याहून महत्त्वाचा दुसरा म्हणजे, तो मान्य करण्याचे वचन दोन्ही पक्षांनी निवाड्याच्या आधीच दिलेले आहे. म्हणून त्याविरुद्ध सरकारकडे फिर्याद न्यावयाची ती सामान्यतः पंचांनी पक्षपात केला, लाच खाल्ली, किंवा एका बाजूचे म्हणणे ऐकलेच नाही, अशा आरोपावर. पंचांनी चुकीचा अर्थ लावला एवढ्यावर निवाडा मोडणे म्हणजे स्वतःचा राजीनामा मोडणे होय, अशी जाणीव त्यामागे दिसते.

तथापि ही परंपरा आदर्श होती असे मानणे चुकीचे ठरेल. वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. एका मजालशीने दिलेला निवाडा दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उकरून काढला जाई. नवा अधिकारी आला की जुना वाद नव्याने उभा राही. येजितपत्र लिहून दिल्यावरही त्याच घराण्याचा पुढचा पुरुष तीच तक्रार घेऊन येई. माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल दिला, त्यात पंचाइतीचे दोष त्याने लपविले नाहीत. पंच जमविणे कठीण, काम लांबणीवर पडते, निवाड्याची बजावणी सरकारच्या मर्जीवर अवलंबून, हे त्याने नमूद केले. तरीही लोकांचा विश्वास असलेली ही संस्था राखावी, असाच त्याचा कल होता. १८२७ च्या मुंबई विनियमांत लवादासाठी स्वतंत्र विनियम करण्यात आला, तो या पार्श्वभूमीवर.

३

यानंतर सारी ब्रिटिश हिंदुस्थानभर एकच दिवाणी कार्यपद्धती आणण्याचे काम सुरू झाले. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत लवादाचे प्रकरण होते आणि निवाडा पंचाच्या भ्रष्टाचाराच्या वा गैरवर्तनाच्या कारणावरूनच रद्द व्हावा, असे तीत म्हटले होते. १८९९ चा भारतीय लवाद अधिनियम मुख्यतः इलाख्यांच्या राजधान्यांपुरता होता. चांद्यासारख्या अंतर्भागातील जिल्ह्यास १९०८ च्या दिवाणी संहितेची दुसरी अनुसूची लागू पडे. तीत निवाडा रद्द करण्याची कारणे थोडक्यात अशी होती : पंचाचा भ्रष्टाचार वा गैरवर्तन; एखाद्या पक्षाने लबाडीने महत्त्वाची बाब दडवणे अथवा पंचास जाणूनबुजून फसवणे; आणि लवाद संपुष्टात आल्यानंतर दिलेला किंवा अन्यथा विधिबाह्य असलेला निवाडा. १९४० च्या लवाद अधिनियमाच्या कलम ३० ने हीच रीत थोड्या फरकाने पुढे चालविली. पंचाचे गैरवर्तन, संपुष्टात आलेल्या लवादाचा निवाडा, अनुचित मार्गाने मिळविलेला वा अन्यथा अवैध निवाडा ही त्यातील कारणे होत. "सार्वजनिक धोरण" हे शब्द या कलमात नाहीत.

या साऱ्या तरतुदींत एक समान सूत्र दिसते. रद्द करण्याचे कारण निवाड्याच्या पद्धतीत शोधावयाचे, त्याच्या निष्कर्षात नव्हे. या सूत्राची कसोटी मुंबईच्या कापूसबाजारात लागली. चांपसी भारा आणि कंपनी विरुद्ध जीवराज बालू स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी या प्रकरणात कापसाच्या सौद्यातून निघालेल्या तंट्यावर लवादी निवाडा झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेने तो कायद्याच्या चुकीवरून मोडला. परंतु प्रिव्ही कौन्सिलने १९२३ साली निवाडा पुन्हा कायम केला. कायद्याची चूक निवाड्याच्या कागदावरच, निवाड्याचा पाया म्हणून मांडलेल्या विधानात दिसली पाहिजे. बाहेरचे कागद धुंडाळून ती शोधून काढावयाची नाही, असा दंडक त्यातून घातला गेला. पुढील सुमारे पाऊण शतक भारतातील न्यायालये याच दंडकाचा आधार घेत राहिली. याचा एक अनिष्ट परिणामही झाला. कारणे लिहिली तर चूक दिसेल, या भीतीने पंच कारणे न देता निवाडा लिहू लागले. मौन ही निवाड्याची ढाल झाली, आणि हरणाऱ्यास आपण का हरलो हे कळेनासे झाले.

४

आता "सार्वजनिक धोरण" या कल्पनेकडे वळू. तिचे माहेर लवाद नसून करारांचा कायदा आहे. जो करार समाजास घातक, तो न्यायालयाने राबवू नये, असा तिचा गाभा. इंग्लंडात १८२४ साली न्यायमूर्ती बरो यांनी या कल्पनेस अनावर घोड्याची उपमा दिली. एकदा मांड ठोकली की तो कोठे नेईल याचा भरवसा नाही, हे त्यांचे सांगणे पुढे सर्वत्र उद्धृत झाले. भारतात १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम २३ ने सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला हेतू वा मोबदला बेकायदेशीर ठरविला, पण ते धोरण म्हणजे काय हे सांगितले नाही.

हे धोरण प्रदेशागणिक बदलू शकते, याचे उत्तम उदाहरण मुंबई इलाख्यानेच पुरविले. पैजेच्या व सट्ट्याच्या व्यवहारांस साहाय्यभूत होणारे करारही न्यायालयात टिकू नयेत, असा कायदा मुंबईत १८६५ साली झाला. मध्य प्रांतात, म्हणजे चांद्यात, असा कायदा नव्हता. तेथे पैजेचा करार निरर्थक असला तरी त्यास जोडून केलेला भागीदारीचा करार बेकायदेशीर ठरत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९५९ रोजी घेरुलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या प्रकरणात हा भेद लक्षात घेतला. सट्ट्यासाठी केलेली भागीदारी केवळ नीतीच्या कल्पनेवरून बेकायदेशीर ठरवता येणार नाही, असा निर्णय झाला. सार्वजनिक धोरणाची नवी दालने सहसा उघडू नयेत. समाजाची हानी निर्विवाद असेल तेथेच त्याचा अवलंब व्हावा, हे त्यातील मुख्य प्रतिपादन होय.

वर्धेच्या पश्चिम तीराची कथा आणखी निराळी आहे. गडचांदुरात संस्थानचा स्वतःचा कायदा चाले. १९५१ च्या भाग ब राज्यांविषयीच्या अधिनियमाने १८७२ चा करार अधिनियम व १९४० चा लवाद अधिनियम हे दोन्ही हैदराबाद राज्यास एकदमच लागू झाले. नदीच्या दोन तीरांवर नातेसंबंध होते, बाजार एक होते. पण करार कोणत्या धोरणाविरुद्ध आहे हे ठरविणारे "सार्वजनिक" मात्र १९५१ पर्यंत दोन होते. याचा अर्थ धोरण म्हणजे न्यायाचे सनातन तत्त्व नव्हे. ते एका विशिष्ट राज्यव्यवस्थेने स्वतःसाठी आखलेले कुंपण आहे. म्हणूनच ते कमीत कमी जागेवर घालावे, हा निष्कर्ष इतिहासातून सहज निघतो.

५

लवादाच्या कायद्यात हे शब्द परदेशी निवाड्यांच्या दाराने आले. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय करारांची अंमलबजावणी करण्यासाठी झालेल्या १९३७ च्या अधिनियमात, परदेशी निवाड्याची अंमलबजावणी भारताच्या सार्वजनिक धोरणास वा कायद्यास विरोधी असू नये, अशी अट होती. न्यूयॉर्क येथे १९५८ साली झालेल्या करारानंतर भारताने १९६१ साली जो अधिनियम केला, त्यात "कायदा" हा शब्द गळून केवळ सार्वजनिक धोरण राहिले. शब्द गळणे ही लहान गोष्ट नव्हती. प्रत्येक कायदेभंग म्हणजे धोरणभंग नव्हे, हे त्यातून सूचित होत होते.

या सूचनेचे स्पष्टीकरण रेणुसागर पॉवर कंपनी विरुद्ध जनरल इलेक्ट्रिक कंपनी या प्रकरणात झाले. उत्तर प्रदेशातील रेणुकूट येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या यंत्रसामग्रीसाठी १९६४ साली झालेला हा करार. व्याज व विलंबित हप्ते यांवरून वाद उद्भवला. १९८६ साली परदेशात निवाडा झाला. आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी अमेरिकन कंपनी मुंबई उच्च न्यायालयात आली. तेथे दोन्ही पायऱ्यांवर निवाडा टिकला. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर १९९३ रोजी तोच निर्णय कायम करताना सार्वजनिक धोरणाचा संकुचित अर्थ सांगितला. भारतीय कायद्याचे मूलभूत धोरण, भारताचे हितसंबंध, आणि न्याय वा नीती, या तीहींपैकी एखाद्यास बाध आला तरच निवाडा नाकारावयाचा. परकीय चलनाच्या नियंत्रणाचा कायदा हा मूलभूत धोरणाचा भाग आहे हे न्यायालयाने मानले, पण या व्यवहारात त्याचा भंग झाला नसल्याचे ठरविले. कुंपण दाखविले, पण ते कोणाच्या शेतात सरकविले नाही.

६

१९८५ च्या आंतरराष्ट्रीय आदर्श कायद्याच्या नमुन्यावर १९९६ चा लवाद व समेट अधिनियम झाला. त्याच्या कलम ३४ ने देशी निवाड्यांनाही प्रथमच स्पष्ट शब्दांत सार्वजनिक धोरणाची कसोटी लावली. न्यायालयीन हस्तक्षेप कमी व्हावा हा नव्या कायद्याचा उद्देश. पण या कसोटीचा अर्थ पुढे त्याच्या उलट दिशेने गेला.

तो प्रसंग ऑइल अँड नॅचरल गॅस कॉर्पोरेशन विरुद्ध सॉ पाइप्स या प्रकरणाचा. तेलविहिरींसाठी लागणाऱ्या नळ्या पुरवठादाराने उशिरा दिल्या. युरोपातील पोलाद कारखान्यांचा संप हे त्याने कारण सांगितले. महामंडळाने करारात ठरलेली विलंबभरपाई बिलातून कापून घेतली. नुकसान सिद्ध झाले नाही म्हणून ती रक्कम परत करावी, असा पंचांनी निवाडा दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १७ एप्रिल २००३ रोजी तो मोडला. करारातच भरपाईची रक्कम ठरलेली असता नुकसानीचा वेगळा पुरावा मागणे हा करार अधिनियमाच्या कलम ७३ व ७४ चा उघड भंग आहे, आणि "उघड बेकायदेशीरपणा" हेही सार्वजनिक धोरणाचेच अंग आहे, असे ठरले.

कायद्याच्या दृष्टीने पंचांचे मत चुकीचे असेलही. परंतु दोन व्यापारी पक्षांमधील विलंबभरपाईच्या हिशेबात "सार्वजनिक" काय आहे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. प्रिव्ही कौन्सिलने १९२३ साली ज्या दारास कडी घातली होती, ते दार आता दुसऱ्या नावाने उघडले. २०१४ च्या वेस्टर्न जिको प्रकरणाने मूलभूत धोरणाचा अर्थ आणखी रुंदावला. पंचांचा निष्कर्ष कोणत्याही समंजस माणसास पटू नये असा आहे काय, हेही न्यायालय पाहू लागले. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २४६ व्या अहवालात या कारणाची व्याप्ती आवरण्यास सांगितले होते.

शिवाय २०१५ पर्यंत अर्ज दाखल होताच निवाड्याची अंमलबजावणी आपोआप थांबत असे. त्यामुळे हरणाऱ्यास, विशेषतः मोठ्या सरकारी मंडळांस, अर्ज करणे जवळजवळ बिनखर्चाचे होते. महाराष्ट्रातील एका प्रकरणाच्या तारखा पुरेशा बोलक्या आहेत. वीजवाहिन्यांवरील भार आवरणारी उपकरणे बसविण्याच्या कंत्राटावरून राज्य विद्युत मंडळ व नाशिकची दातार स्विचगिअर कंपनी यांच्यात तंटा झाला. पंचांनी १८ जून २००४ रोजी कंपनीस सुमारे १८५ कोटी ९७ लाख रुपये नुकसानभरपाई मंजूर केली. मंडळाच्या वारस कंपनीने तो निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१८ रोजी तो निवाडा कायम केला. शेवटी निवाडा टिकला; पण साडेतेरा वर्षे गेली. येजितपत्र लिहून दिल्यावरही तंटा चालू ठेवणाऱ्या वतनदाराची येथे आठवण होते.

२०१५ च्या सुधारणेने संसदेने ही दिशा बदलली. निवाडा लबाडीने वा भ्रष्टाचाराने प्रभावित असणे, भारतीय कायद्याच्या मूलभूत धोरणाचा भंग, आणि न्यायनीतीच्या अगदी प्राथमिक कल्पनांशी विरोध, एवढ्यापुरतेच सार्वजनिक धोरण सीमित झाले. वादाच्या गुणदोषांचा फेरविचार करावयाचा नाही, हेही स्पष्टीकरणात लिहिले गेले. उघड बेकायदेशीरपणा हे कारण केवळ देशांतर्गत निवाड्यांपुरते वेगळे ठेवले. सांगयाँग विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण या प्रकरणात ८ मे २०१९ रोजी या बदलाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने विस्ताराने सांगितला. एका पक्षाने एकतर्फी काढलेले परिपत्रक दुसऱ्यावर लादून पंचांच्या बहुमताने करारच नव्याने लिहिला, म्हणून तेथे निवाडा मोडला. ज्यास कोणी संमती दिली नाही तो करार लादणे हा राजीनाम्याचाच भंग होय, असे जुन्या परिभाषेत म्हणता येईल.

७

तरी प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गाविषयी २०१७ साली दिलेला सुमारे २,७८२ कोटी रुपयांचा निवाडा २०१८ साली टिकला, २०१९ साली मोडला, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात पुन्हा उभा राहिला आणि १० एप्रिल २०२४ रोजी त्याच न्यायालयाने दुरुस्तीयाचिकेवर तो अखेर नाकारला. निवाडा विवेकहीन होता, महत्त्वाचा पुरावा त्यात दुर्लक्षिला गेला, हे त्याचे कारण. येथे दुसरी बाजू डोळ्यांआड करून चालत नाही. पैसा लोकांचा होता. तीन पंचांच्या चुकीचा भार कोट्यवधी करदात्यांनी वाहावा काय, हा प्रश्न अन्याय्य नाही. परंतु तीन वेळा दिशा बदलणारी अंतिमता ही अंतिमता उरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

या पेचातून वाट काढण्यास इतिहास एक भेद सुचवितो. निवाडा कसा झाला आणि निवाडा काय झाला, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पंच लाचखाऊ होता काय, एका पक्षास बोलू दिले नाही काय, दोघांनी न केलेला करार लादला काय, राज्याने सर्वांसाठी निषिद्ध केलेली गोष्ट करण्यास भाग पाडले काय, हे पहिल्या जातीचे प्रश्न होत. पेशवाईतील फिर्यादी, १८५९ ची संहिता, १९४० चा अधिनियम आणि २०१५ ची सुधारणा यांचा मुख्य ओघ यांच्याकडेच वाहतो. कलमाचा अर्थ बरोबर लावला काय, भरपाई किती द्यावयास हवी होती, हे दुसऱ्या जातीचे प्रश्न. ते पंचाकडे सोपविण्यासाठीच लवाद नेमलेला असतो. २००३ नंतरची अडचण ही की, दुसऱ्या जातीच्या प्रश्नास पहिल्या जातीचे नाव देण्यात आले.

या भेदाचे महत्त्व गडचांदूरसारख्या ठिकाणी आज वाढलेले आहे. १९८० नंतर या पट्ट्यातील चुनखडीवर मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले. कोळसा, वाहतूक, बांधकाम व यंत्रसामग्री यांचे करार आले आणि त्यांबरोबर लवादाची कलमे आली. मोठ्या कंपनीस दहा-बारा वर्षे न्यायालयात थांबणे परवडते. चार मालमोटारी भाड्याने लावणाऱ्या स्थानिक कंत्राटदारास ते परवडत नाही. त्याच्यासाठी उशिरा टिकलेला निवाडा व मोडलेला निवाडा यांत फारसे अंतर नसते. सार्वजनिक धोरणाचा विचार करताना हा कंत्राटदारही त्या "सार्वजनिकां"त मोजला पाहिजे. दिलेला शब्द पाळला जाईल आणि ठरलेल्या काळात पाळला जाईल, असा भरवसा लोकांस देणे हेही राज्याचे एक धोरणच आहे. निवाडे मोडण्याच्या कारणांचा इतिहास लिहिताना, निवाडे राखण्याच्या या धोरणाची नोंद त्यात पहिल्या स्थानी असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.